बास, क्लॅरिनेट आणि बाकीचे चार

कोंबड्यांची गोष्ट आहे म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय चालू झालं ते मला माहितीये. एक गरीब बिचारा म्हातारा, त्याचा लाडका कोंबडा, कोंबडा वाचणार, म्हातारा डोळे पुसणार, आणि मग मी ती झाकलेल्या कोंबड्याची म्हण टाकून टाळ्या घेणार. सॉरी. म्हातारा गरीब नव्हता आणि बिचारा तर अजिबातच नव्हता. कोंबडे एक नाही, सहा होते. त्यातले पाच जाणार आहेत, आत्ताच सांगून ठेवतो. आणि त्या पाचांतला एक मी स्वतः खाल्लाय. रस्सा एक नंबर झाला होता.

म्हातारा म्हणजे आमचे मास्तर. शाळेतले नाही, बँडचे. वसईजवळ उमेळ्यात आमच्या बिल्डिंगची भिंत जिथे संपायची तिथून त्यांची वाडी चालू व्हायची. केळी, चार नारळ, मागे छोटं तळं, त्याला ते बावखल म्हणायचे, आणि कौलारू घर. इकडच्या ख्रिस्ती लग्नांत बँड लागतोच, आणि अर्धं आयुष्य मास्तर त्या बँडच्या पुढे कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवत चालले. मग पुढचे दात गेले. "दात गेले, कॉर्नेट गेला," असं सांगायचे, जसं काय बस गेली. कवळी लावून बघितली, तर शेवटच्या लग्नात ती पहिल्याच सुराला उडाली म्हणे. मी काही तिथे नव्हतो. पण त्याची नक्कल मी फार छान करतो.

हो, मी नकला करतो. तो माझा धंदा नाही, आजार आहे. गावाकडे शाळेत हेडसरांच्या आवाजात मी एकदा अख्खी शाळा अर्ध्या दिवसात सोडली होती. त्यानंतर आम्ही वसईला आलो. दोन्हींचा संबंध नाही असं घरचे म्हणतात. मास्तर मला पहिल्या दिवसापासून 'नकल्या' म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

बँडची निळी टोपी त्यांच्या डोक्यावरून उतरायची नाही. पुढे सोनेरी पट्टी, तिचे निम्मे धागे लोंबकळत. अंगात बनियन, खाली लुंगी आणि वर ही टोपी. कोंबड्यांना दाणे टाकायला जातानासुद्धा. मी विचारलं, मास्तर, कशाला? तर म्हणाले, "युनिफॉर्म नसला तर कोण ऐकतो?"

दुसरं म्हणजे मोजणं. कुठलीही गोष्ट सुरू करायची तर आधी चार मोजून. "एक, दोन, तीन, अँड..." आणि मग चहा बशीत. "एक, दोन, तीन, अँड..." आणि मग रस्त्याच्या पलीकडे. मावशी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या की लग्नात फादरनी "ही तुला बायको म्हणून मान्य आहे का" विचारलं तेव्हा पण ह्यांनी मनात चार मोजले. "तेवढ्यात माझ्या बापाने बाही वर केलेली," मावशी म्हणायच्या.

आणि कान. कान म्हणजे काय कान! रिक्षा थांबवून रिक्षावाल्याला सांगायचे, "तुझा हॉर्न अर्धा सूर उतरलाय. बॅटरी बघ." रिक्षावाला शिव्या घालत जायचा आणि चौथ्या दिवशी येऊन सांगायचा, मास्तर, बॅटरीच होती.

याच कानांनी घात केला.

मावशींच्या कोंबड्या गावठी. लग्नात माहेराहून त्यांनी एक कोंबडी आणलेली, तिच्या पोरींच्या पोरींच्या पोरी ह्या. दुकानातून आणलेलं एक पिल्लू त्या खुराड्यात कधी गेलं नव्हतं. मग मुंगसाने जुना कोंबडा नेला. त्याच आठवड्यात एक कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसली. म्हणजे त्या कोंबड्याची ही शेवटची अंडी, जे काय व्हायचं ते ह्यातूनच. मावशी म्हणाल्या, "गोल अंडी ठेवा. टोकदार अंड्यातनं कोंबडा निघतो." मास्तर म्हणाले, "अंडं डोळ्यांनी बघायचं नसतं, कानांनी बघायचं." आणि एकेक अंडं कानाला लावून नखाने टिचकी. बारीक वाजलं तर कोंबडी. जाड वाजलं तर कोंबडा, म्हणजे ऑम्लेट. अशी नऊ अंडी निवडून कोंबडीखाली ठेवली. आठ फुटली. आठांतले सहा कोंबडे.

दोन महिन्यांनी तुरे दिसायला लागले तेव्हा मास्तर खुराड्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "सूर मी बरोबर ऐकले होते. अर्थ उलटा लावला. पुढच्या वेळी जाडवाली ठेवायची."

मावशी म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुम्हालाच खुडूक बसवते."

चार-साडेचार महिन्यांचे झाले आणि सहाही जण वाजायला लागले. पहाटे चारला पहिला. त्याला दुसरा उत्तर द्यायचा, दुसऱ्याला तिसरा, आणि सहावा संपेपर्यंत पहिल्याला आपण आधी काय बोललो तेच आठवायचं नाही, म्हणून परत पहिल्यापासून. दिवसभर एकमेकांचे तुरे फोडायचे आणि उरलेल्या वेळात कोंबड्यांच्या मागे. कोंबड्या आठ, कोंबडे सहा. कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं गेली. मावशींनी जुन्या परकराच्या झुली शिवून त्यांच्या पाठीवर बांधली. आमच्या गॅलरीतून बघितलं की शाळेच्या गॅदरिंगची तयारी चाललीये असं वाटायचं.

मग बिल्डिंगचं पत्र गेलं. सेक्रेटरी काका मंत्रालयात होते, त्यामुळे पत्राला विषय होताच. 'विषय: आपल्या वाडीतील कोंबडा/कोंबडे यांच्या पहाटेच्या आवाजाबाबत.' मास्तरांनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मी अर्थातच सेक्रेटरी काकांच्या आवाजात वाचलं. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तक्रार कोणाची?"

मी सांगितलं. पहिल्या मजल्यावर जुळी बाळं होती, तीन महिन्यांची. एक झोपायचं तेव्हा दुसरं उठायचं. कसंबसं चारला दोघंही झोपायची, की इकडे बँड चालू.

मास्तर टोपी काढून हातात घेऊन पहिल्या मजल्यावर गेले. मी पण गेलो मागून. पाच मिनिटांत बाहेर आले. जिन्यात थांबले आणि म्हणाले, "ती पोर उभ्या उभ्या झोपत होती रे. दार उघडं धरून." मग टोपी घातली. "पाच कमी करायचे. आणि सहावा गप्प करायचा. पण सहावा राहणार. तो गेला तर मावशीच्या माहेरचं खुराडं इथेच संपलं."

सेक्रेटरी काकांशी बोलणं मी कानांनी ऐकलंय. एकच कोंबडा राहील. साडेसहाच्या आधी बिल्डिंगमध्ये ऐकू येणार नाही. आठ दिवस बघायचं. काका म्हणाले, "आणि ऐकू आला तर?"

"एकदा जरी ऐकू आला तरी मी स्वतः मान मोडीन. तुमच्यासमोर."

मावशींनी कपाळावर हात मारला तो आवाज मला अजून काढता येतो.

आता कोणाला ठेवायचं? दुसरं कोणी असतं तर रंग बघितला असता, वजन बघितलं असतं. मास्तरांनी ऑडिशन घेतली. वाडीत प्लास्टिकची खुर्ची टाकून, टोपी घालून, बँडची जुनी वही मांडीवर. आठवडाभर. कोण कधी वाजतो, किती लांब वाजतो, श्वास कुठे घेतो. पहिल्याच दिवशी सगळ्यांना बँडमधल्या जागा मिळाल्या. फर्स्ट कॉर्नेट, सेकंड कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट, बास. सहावा आरवायचा कमी, पंखच जास्त फडाफडा आपटायचा. तो ढोल.

फर्स्ट कॉर्नेट काय गायचा! उंच, सरळ, शेवटी असा हलका खाली यायचा. तो वाजला की मास्तरांची बोटं वहीवर आपोआप दाबली जायची, कॉर्नेटची बटणं दाबल्यासारखी. मला वाटलं, झालं, हाच राहणार. क्लॅरिनेट म्हणजे फाटका पिपाणी आवाज, पण तो मला पहिल्या दिवशीच जमला, कारण माझा गळा पण तसलाच. आणि बास? बास जाडजूड, काळपट, आवाज एकदम खालचा. दुसऱ्यांनी वीस वेळा म्हटलं की तो एकदा म्हणायचा.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी वही मिटली. "बास राहील."

"मास्तर! आणि फर्स्ट कॉर्नेट?"

"वाजवायला काय, कोणीही वाजवतो. हा थांबतो. सहांत एकालाच थांबायचं कळतं." आणि फर्स्ट कॉर्नेटचं पान फाडून, घडी करून टोपीत ठेवलं.

पाठवणी मात्र एकदम शिस्तीत. "पिशवीत कोंबून दुकानात देणार नाही. प्रत्येकाला जागा बघून द्यायची." फर्स्ट कॉर्नेट भुईगावला मुलीकडे, तिच्याकडे कोंबडा नव्हता आणि समोर बिल्डिंग पण नव्हती. ट्रॉम्बोन मावशींच्या भावजयीकडे, बदल्यात एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. ती पण माहेरचीच, त्यामुळे मावशी खूश. गल्लीतल्या एका काकूंचा जत्रेला कोंबड्याचा नवस होता, त्यांना ढोल. "जत्रेत ढोल लागतोच," मास्तर म्हणाले. सेकंड कॉर्नेट चर्चच्या सणाला. आणि क्लॅरिनेटसाठी बऱ्याच लोकांना विचारलं, पण त्याचा आवाज ऐकून कोणी घेईना. मग एका रविवारी त्याचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या. मला बोलावलेलं. मास्तरांनी पहिला घास घेऊन सांगितलं, "गळ्यापेक्षा मांडी चांगली होती ह्याची."

राहिला बास. तो गप्प कसा करायचा? बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस जाता-येता मास्तरांना ती म्हण ऐकवायचा. कोंबडा झाकला म्हणून काय उजाडायचं थांबतं का, हॅ हॅ हॅ. मास्तरांनी खरंच झाकून बघितला. आधी टोपलीखाली, मग टोपलीवर गोधडी. उपयोग शून्य. त्याचं घड्याळ पोटात. गोधडीतून असा आवाज यायचा की कुकरमध्ये कोणी अडकलंय. पण मास्तर टोपलीशेजारी कान लावून बसले होते, आणि गोधडी उचलली तेव्हा त्यांना एक गोष्ट दिसली. आरवायच्या आधी कोंबडा उभा राहतो, छाती काढतो आणि मान सरळ वर ताणतो. कॉर्नेटवाला घेतो तसाच पवित्रा.

"कोंबडा झाकून उपयोग नाही, नकल्या. वाकवायला लागतो."

मोठ्या ढोलाची एक जुनी लाकडी पेटी माळ्यावर होती. मावशींच्या टेपने बासची उंची मोजली, बसल्यावर, उभा राहिल्यावर, मान ताणल्यावर. मग पेटीत आतून एक फळी अशा उंचीवर ठोकली की बास आरामात उभा राहील, फिरेल, बसेल, पण मान सरळ वर गेली की डोकं फळीला. बाजूंना हवेला भोकं, खाली भाताचा पेंढा. संध्याकाळी आत, सकाळी साडेसहाला बाहेर. फळी चार वेळा ठोकली आणि चार वेळा काढली. पाचव्यांदा मला केळीमागे उभं केलं. "आरव. दुसरा ऐकला की हा उत्तर देणार. बघू देता येतं का."

मी क्लॅरिनेट लावला. पेटीतून नुसतं 'घर्र'. परत लावला. 'घर्र'. मावशी म्हणाल्या, "हे असं तर तुम्ही पण झोपेत करता."

आठ दिवस चालू झाले. पहिला दिवस गप्प. दुसरा गप्प. जुळी बाळं सहा-सहापर्यंत झोपायला लागली. त्यांची आई चौथ्या दिवशी गॅलरीतून मास्तरांना बघून हसली, तर ह्यांनी टोपीला हात लावून सलाम ठोकला. सातव्या दिवशी संध्याकाळी मास्तर वाडीत चक्क शीळ घालत होते.

आठव्या दिवशी पावणेसहाला मी तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत दात घासत होतो. खाली सेक्रेटरी काका. स्वेटर, कानटोपी, हातात मोबाईल, मोबाईल वाडीच्या दिशेने धरून रेकॉर्डिंग चालू. चेहरा असा की आत्ता कोणीतरी झेंडा फडकवणार. आता तुम्हाला म्हटलं ना, मला आजार आहे. एवढा कडक चेहरा समोर आला की माझ्या घशात खाज येते. तोंडातला फेस थुंकला आणि खांबामागे होऊन क्लॅरिनेट दिला सोडून. एकच. फुल.

काका जागच्या जागी उडाले. मला एवढं हसू आलं की मी खाली बसलो. आणि बसल्या बसल्या पहिल्या मजल्यावरून ऐकलं, आधी एक बाळ, मग दुसरं.

सात वाजता वाडीत काका, कमिटीतले दोघं, आणि त्या जुळ्यांची आई, खांद्यावर एक बाळ. मी पण गेलो. जाताना ठरवलं होतं की हसत हसत सांगून टाकायचं. पण तिथले चेहरे बघितले आणि मावशींच्या मागे जाऊन उभा राहिलो.

काकांनी रेकॉर्डिंग लावलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. "परत लावा." परत लावलं.

"हा माझा बास नाही. हा क्लॅरिनेट."

"कोणता का असेना, मास्तर, कोंबडा आहे ना?"

"क्लॅरिनेट आम्ही तीन रविवारांपूर्वी जेवलो."

मग मावशींनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. "देवा सायबा! मी सांगितलं होतं, चर्चमधल्या मिस्साच्या आधी कापू नका म्हणून!"

"म्हणजे तुमचं म्हणणं काय?" काका म्हणाले. "मेलेला कोंबडा आरवला?"

"मी काय ऐकलं ते सांगितलं," मास्तर म्हणाले, बघत माझ्याकडे.

"मास्तर, शब्द दिला होता तुम्ही."

"दिला होता." एवढंच. वाद नाही, आवाज नाही. खाली वाकले, त्या दिवशी साडेसहाला उघडायची राहिलेली पेटी उघडली, बासला बाहेर काढून काखेत घेतला. बास डोळे मिचकावत इकडेतिकडे बघत होता. मावशी म्हणाल्या, "अहो, नका ना." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, आणि त्याची नक्कल मी कधी केलेली नाही. मास्तरांनी उजवा हात बासच्या मानेवर ठेवला. बोटं लागली.

"एक," ते म्हणाले. "दोन."

"मास्तर, मी होतो!"

सगळे वळले. कमिटीतला एक म्हणाला, "ए, गप ए. कोंबडा वाचवायला कायपण बोलतो."

"खरंच मीच. गॅलरीतून."

"मग काढून दाखव," काका म्हणाले.

पहिल्यांदा तोंड उघडलं तर नुसती हवा. लोकांसमोर माझं असं कधी झालं नव्हतं. मास्तरांचा हात मानेवर तसाच. दुसऱ्यांदा डोळे मिटले आणि जोर लावला, आणि आला, क्लॅरिनेट, अख्खा, पिपाणीसकट. खांद्यावरचं बाळ जागं झालं आणि किंचाळायला लागलं. आणि मास्तरांच्या काखेतून बासने मान वर ताणली, आता वर फळी नव्हती, आणि उत्तर दिलं. जाड, खालून आलेलं, शांत. काकांच्या मोबाईलमधल्या आवाजाशी त्याचा काही म्हणजे काही संबंध नव्हता. ते बहिऱ्यालापण कळलं असतं.

काकांनी घड्याळ बघितलं. "सात दहा," ते म्हणाले. "हे चालेल."

आणि मग माझी बारी.

काकांनी माझ्याकडून लेखी माफी घेतली, विषयासकट. जुळ्यांच्या आईने सरळ बाळ माझ्या हातात दिलं. "घे. तू उठवलंयस, तू झोपव." पाऊण तास मी वाडीत येरझाऱ्या घातल्या. आईने घरी काय केलं ते इथे लिहीत नाही. मावशींना मात्र मी मधेच अडवू शकलो नाही. "अरे मेल्या, माझी ओरड दोन घरी ऐकू गेली, सगळे म्हणतायत क्लॅरिनेटचा आत्मा फिरतोय! एक म्हातारी पवित्र पाणी शिंपडायला निघाली. आता तिला काय सांगू, आत्मा तिसऱ्या मजल्यावर राहतो, कॉलेजला जातो?"

मास्तरांनी आधी बासला सोडलं, हात धुतले, टोपी काढून घाम पुसला. मग मला समोर उभं केलं.

"मी चार मोजणार होतो. तू दोनला बोललास. तीनला बोलला असतास तर बोटं आत गेली असती. एका जिवावर थट्टा करतोस?"

"चुकलं, मास्तर."

"चुकलंच. पण ते सोड, तुला त्याची आज रात्री झोप लागणार नाही, ते पुरे. मला दुसरं सांग. रोज तू ह्या वाडीत येतोस. सहा वाजवणारे समोर. आणि वेळ आली तेव्हा काय काढलंस? क्लॅरिनेट! सगळ्यात सोपा. फाटका. बास का नाही काढलास?"

"तो फार खालचा आहे, मास्तर. मला नाही येत."

"येत नाही? माझा सगळ्यात चांगला वादक, आणि तुला त्याचा एक सूर येत नाही? लाज नाही वाटत?"

"पण मास्तर," मी म्हटलं, "मला बास आला असता तर तुम्हाला फरक कळलाच नसता. बास मेला असता आज."

मास्तरांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"तो विषय वेगळा. मी आत्ता प्रॅक्टिसबद्दल बोलतोय."